बिअरमध्ये केळं न टाकता केळ्याचा वास येतो कुठून? धंदा शिकणाऱ्यांसाठी यीस्टचा धडा



मागच्या महिन्यात भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीहून एका तरुणाचा फोन आला. भिवंडीच्या एका गोडाऊनमध्ये नोकरी करतो, घरची थोडी भातशेती आहे. पुण्याला चुलतभावाकडे गेला होता, तिथे एका ब्रूपबमध्ये त्याने गव्हाची बिअर घेतली. म्हणाला, "सर, पहिला घोट घेतला आणि चक्क पिकलेल्या केळ्याचा वास आला. मागून थोडा लवंगेचा. केळ्याचा इसेन्स टाकतात का हो त्यात? कुठे मिळतो तो? गावाकडे जागा आहे, बोअरचं पाणी आहे. चार लाख बाजूला काढलेत. यूट्यूबवर बघून घरीच सुरू करावं म्हणतोय."

त्याचे प्रश्न दोन होते. वास कुठून येतो? आणि घरी सुरू करू का? दोन्हींची उत्तरं त्याला वाटत होती त्यापेक्षा वेगळी निघाली. आजच्या व्हिडिओत मी हे थोडक्यात सांगितलंय, इथे नीट लिहून देतो. बिअर करायची नसेल तरी वाचा. ब्रेड, इडलीचं पीठ, कोंबुचा, व्हिनेगर, वाईन असा आंबवण्याचा कुठलाही धंदा डोक्यात असेल तर हा धडा तुमच्यासाठीच आहे.

आधी कायदा, मग बाकीचं

महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ आपल्या राज्यात लागू आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. ते तयार करण्यासाठी भांडी आणि साहित्य जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. "मी विकत नाही, घरच्यापुरती करतो" ही सबब इथे चालत नाही.

मग यूट्यूबवर एवढे लोक स्वयंपाकघरात बिअर करताना कसे दिसतात? त्यातले बरेचसे अमेरिकेतले असतात. तिथे १९७८च्या कायद्याने घरी स्वतःपुरती बिअर करायला केंद्र पातळीवर मोकळीक मिळाली. त्यांचा व्हिडिओ बघून आपण बादली विकत आणली तर तो कायदा काही त्या बादलीबरोबर येत नाही.

आपल्याकडे रस्ता आहे तो परवान्याचा. २००९ साली पुण्यात सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी 'डूलाली' सुरू केली. ही महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. बिअर बनवायला त्यांनी ऑलिव्हर शाउफ हा जर्मन ब्रूमास्टर आणला. आपल्या ठाणे जिल्ह्यातही, डोंबिवलीत, 'गेटवे ब्रूइंग कंपनी'ने 'व्हाइट झेन' नावाची गव्हाची बिअर बाजारात आणली होती. म्हणजे हे काम महाराष्ट्रात होतं, पण राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याने, देखरेखीखाली आणि मोठ्या भांडवलावर.

म्हणून त्या तरुणाला मी पहिलं वाक्य सांगितलं, "दादा, चार लाख आहेत तिथेच राहू द्या. आधी विषय शिकून घ्या."

वास येतो यीस्टमधून

आता पहिला प्रश्न. त्या बिअरमध्ये केळं नव्हतं आणि इसेन्सही नव्हता. ही जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांताची पद्धत, तिथे तिला हेफेवायझन म्हणतात. तिच्यात चार गोष्टी असतात : गव्हाचं आणि बार्लीचं माल्ट, हॉप्स, पाणी आणि यीस्ट. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. फळाचा वास तयार करतं ते यीस्ट.

यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायू सोडतं, हे शाळेत शिकलोय. पण ते एवढंच करत नाही. वाढताना, पेशी बांधताना ते शेकडो बारीकसारीक पदार्थ सोडत असतं. त्यातला एक मोठा गट म्हणजे एस्टर. सोप्या भाषेत, अल्कोहोल आणि आम्ल एकत्र जोडले गेले की एस्टर तयार होतो. आपल्या नाकाला बहुतेक एस्टर फळासारखे वाटतात, कारण फळंसुद्धा पिकताना हेच पदार्थ तयार करतात.

केळ्याच्या वासाच्या एस्टरचं नाव आहे आयसोअमाइल ॲसिटेट. वसईचं राजेळी केळं पिकून घरभर वास सुटतो, त्यात हा असतो. बाजारातल्या केळ्याच्या इसेन्समध्येही मुख्य तोच. आणि यीस्टही तोच बनवतं. लिटरला एक-दोन मिलिग्रॅम एवढ्याशा प्रमाणातही माणसाचं नाक तो ओळखतं. म्हणून त्या तरुणाचं नाक चुकलं नव्हतं, त्याचा अंदाज तेवढा चुकला होता.

लवंगेचा वास मात्र एस्टरचा नाही. तो फिनॉल गटातल्या एका पदार्थाचा. धान्याच्या सालीकडच्या भागात फेरुलिक आम्ल असतं, काही जातींचं यीस्ट त्यापासून हा लवंगी पदार्थ तयार करतं. सगळ्या यीस्टना ते जमत नाही. हेफेवायझनच्या यीस्टला जमतं.

कुठला वास काय सांगतो?

हा भाग वहीत उतरवून घ्या. आंबवलेल्या पेयात फळासारखा वास आला म्हणजे सगळं छान झालं असं नाही. वास हा निरोप असतो, तो वाचता आला पाहिजे.

केळं : आयसोअमाइल ॲसिटेट. गव्हाच्या बिअरमध्ये हवाच. साध्या लागरमध्ये जोरात आला तर बहुधा आंबवताना तापमान चढलेलं असतं.

पिकलं सफरचंद, थोडी बडीशेप : इथाइल हेक्सानोएट हा एस्टर. थोडा असला तर छान लागतो.

हिरवं, कच्चं सफरचंद : हा एस्टर नाही, ॲसिटाल्डिहाइड आहे. साखरेचं अल्कोहोल होताना मधल्या टप्प्यावर तो तयार होतो. म्हणजे काम अर्धवट राहिलंय, घाई झाली. यीस्टला आणखी थोडे दिवस दिले तर ते स्वतःच हा पदार्थ बराचसा संपवतं.

नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास : इथाइल ॲसिटेट. अगदी कमी असेल तर फळासारखा वाटतो, लिटरला साधारण ३० मिलिग्रॅमच्या वर गेला की डोक्यात जातो. कारण एकतर फार गरम ठिकाणी आंबवलंय, नाहीतर स्वच्छता कमी पडून नको ते जंतू शिरलेत.

मनुका, ओला पुठ्ठा : बाटलीत हवा राहिली किंवा माल उन्हात, गरम गोडाऊनमध्ये पडून राहिला. ही चूक आंबवण्यातली नाही, साठवणुकीतली आहे.

एकच 'सफरचंद', पण पिकलं की कच्चं यावरून निष्कर्ष उलटा होतो. म्हणून चव घेणाऱ्याने "छान आहे" किंवा "बरोबर नाही" एवढ्यावर थांबायचं नसतं. कशासारखं लागतंय ते नेमकं सांगायचं.

यीस्टला सूचना कशा द्यायच्या?

यीस्टशी बोलता येत नाही, पण त्याच्याभोवतीची परिस्थिती आपल्या हातात असते. मुख्य गोष्टी पाच.

१. जात. हा सगळ्यात मोठा निर्णय. भाताच्या जातीसारखंच समजा. इंद्रायणी पेरला तर सुवास येईल, दुसरा भात पेरून कितीही खत घाला, इंद्रायणीचा वास येणार नाही. केळ्याच्या वासाचं यीस्ट वेगळं, स्वच्छ चवीच्या लागरचं वेगळं. ब्रेडचं यीस्ट आणखी वेगळं.

२. तापमान. लागरचं यीस्ट साधारण ८ ते १३ अंश सेल्सिअसला काम करतं, एलचं १८ ते २२ अंशांच्या आसपास. तापमान वाढलं की सहसा एस्टर वाढतात. फारच वाढलं तर घशाला जळजळ करणारी जड अल्कोहोलंही वाढतात. दुसरी एक गोष्ट नवीन माणूस विसरतो. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे टाकीतलं द्रव खोलीपेक्षा काही अंशांनी गरम असतं. भिंतीवरचं थर्मामीटर बघून उपयोग नाही, टाकीतलं तापमान बघायचं. आता दिघाशीचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. पत्र्याखाली दुपारी काय हवा असते तुम्हाला माहीत आहे. तिथे कूलिंगशिवाय आंबवलं तर हलका केळ्याचा वास सोडा, थेट नेलपॉलिशच येईल.

३. यीस्ट किती टाकलं. कमी टाकलं तर त्याला आधी आपली संख्या वाढवावी लागते. या वाढीच्या धावपळीत बऱ्याच जातींमध्ये एस्टर जास्त तयार होतात. भरपूर, ताजं यीस्ट टाकलं तर चव सहसा स्वच्छ येते.

४. साखर आणि प्राणवायू. आंबवायचा रस जितका दाट आणि गोड, तितके एस्टर सहसा जास्त. सुरुवातीला रसात प्राणवायू पुरेसा असला की यीस्ट आपल्या पेशींचं आवरण नीट बांधतं. एस्टरसाठी लागणारा कच्चा माल तिकडे खर्च होतो आणि एस्टर कमी पडतात.

५. भांड्याचा आकार. हे ऐकून लोक हसतात, पण खरं आहे. उंच बंद टाकीत तळाशी दाब जास्त असतो, कार्बन डायऑक्साइड विरघळून राहतो, त्याने एस्टर दबतात. बव्हेरियातले काही जुने कारखाने म्हणूनच गव्हाची बिअर उथळ, उघड्या हौदांत आंबवतात. त्यांना केळ्याचा वास हवा असतो.

हे सगळं फार परदेशी वाटतंय का? मग घरातलंच बघा. इडलीचं पीठ मे महिन्यात चार-पाच तासांत भांड्याबाहेर येतं आणि दुपारपर्यंत आंबट होतं. जानेवारीत तेच पीठ रात्रभर ठेवूनही आई म्हणते, "अजून आलं नाही, चुलीजवळ ठेव." ठाणे-पालघरकडच्या लोकांना तर ताडी माहीत आहे. पहाटेची गोड नीरा आणि दुपारची झणझणीत ताडी, झाड तेच, मडकं तेच. बदलतो तो वेळ आणि ऊन. ज्ञान आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, आपण ते फक्त मोजलेलं नाही.

मग आंबा, संत्रं वगैरे चवी?

फळाची चव आणायचे आणखी दोन रस्ते आहेत.

पहिला हॉप्सचा. हॉप्स हे एका वेलीचं फूल, ते कडूपणासाठी घालतात. पण सिट्रा, मोझॅक अशा अमेरिकन जातींच्या हॉप्सना संत्रं, पपनस, आंबा अशा फळांचे वास असतात. उकळताना घातले तर तेल उडून जातं आणि कडूपणा उरतो. आंबवणं झाल्यावर थंड बिअरमध्ये घातले तर वास टिकतो.

दुसरा खऱ्या फळाचा. इथे नवीन माणूस हमखास फसतो. त्याला वाटतं, हापूसचा रस ओतला की हापूसची बिअर. पण यीस्ट त्या रसातली साखर खाऊन टाकतं. गोडवा गेला की आंबा ओळखूच येत नाही. शिवाय जोरात सुटणारा वायू सुगंधही घेऊन जातो. उरतो तो आंबटसर पातळपणा. म्हणून फळ घालायचंच असेल तर किती आणि कधी, हा प्रश्न 'कुठलं फळ' याच्याइतकाच महत्त्वाचा.

वाईन आणि मीडचंही तसंच. नाशिकच्या वाईनमध्ये जे अननस, पेर, केळं असे वास सांगतात, ते सगळे द्राक्षातून येत नाहीत. बरेचसे आंबताना यीस्टने बनवलेले असतात. पांढरी वाईन कमी तापमानाला आंबवतात, कारण हे नाजूक वास उष्णतेत उडून जातात.

आता धंद्याचा धडा

मित्रांनो, या सगळ्यातून लघुउद्योजकाने एक गोष्ट घ्यायची. ग्राहकाने एकदा छान म्हटलेली चव पुन्हा तशीच देता आली, तरच तुमच्याकडे उत्पादन आहे.

समजा तुम्ही एक खेप केली, नशिबाने त्या आठवड्यात हवा गार होती, चव अप्रतिम आली. नातेवाईक म्हणाले, "धंदा कर रे याचा." पुढची खेप एप्रिलच्या उन्हाळ्यात केली. कृती तीच, चव वेगळी. तुम्ही म्हणता मालात काहीतरी खोट होती. माल तोच होता. बदललं होतं तापमान, आणि ते तुम्ही लिहून ठेवलं नव्हतं.

केळ्याचा वास ठरवून आणला तर ते कौशल्य. तोच वास नको असताना आला तर तो दोष. ग्राहक दोन्ही वेळा तेवढेच पैसे देतो, पण दुसऱ्यांदा परत येत नाही.

म्हणून पहिली गुंतवणूक मशीनमध्ये नको. एक वही, एक थर्मामीटर, एक वजनकाटा. प्रत्येक खेपेला नंबर द्या. तारीख, वेळ, तापमान दिवसातून तीनदा, यीस्ट किंवा विरजण किती ग्रॅम, कुठल्या पाकिटातलं, किती तास लागले, वास कशासारखा, चव कशी. खेप बिघडली तर पान फाडू नका. बिघडलेल्या खेपेचं पान सगळ्यात महाग शिकवणी असते, तिचे पैसे तुम्ही भरलेले असतात.

हेच ज्ञान कायदेशीर कुठे वापराल?

दिघाशीच्या त्या तरुणापुढे मी तीन दारं ठेवली.

एक, बेकरी. पाव, ब्रेड, पिझ्झा बेस. यीस्ट, तापमान, वेळ यांचं गणित तेच, भांडवल खूप कमी आणि अबकारी परवान्याचा प्रश्न नाही. अन्नपदार्थासाठी एफएसएसएआयची नोंदणी मात्र लागतेच.

दोन, कोंबुचासारखी आंबवलेली पेयं. इथे मी लाल झेंडा दाखवतो. एफएसएसएआयच्या नियमांत ०.५ टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं पेय मद्य धरलं जातं. कोंबुचा बाटलीत भरल्यावरही आंबत राहतो. तुमच्याकडून निघताना तो मर्यादेत असेल, पण दोन आठवडे फ्रीजशिवाय दुकानात पडला तर मर्यादा ओलांडू शकतो. वायूचा दाब वाढून काचेची बाटली फुटूही शकते. कुणाच्या डोळ्याला काच लागली तर धंदा तिथेच संपला. शेवटपर्यंत थंड साखळी आणि प्रयोगशाळेची तपासणी परवडणार नसेल तर यात उतरू नका.

तीन, खरोखर ब्रूइंगच शिकायचं असेल तर नोकरी आणि शिक्षण. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाईन, ब्रूइंग आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं, त्यासाठी विज्ञानाची पदवी हवी. पदवी नसेल तर परवानाधारक ब्रुअरीत मदतनीस म्हणून लागा. टाक्या धुण्यापासून सुरुवात होईल. होऊ द्या. या कामाचा मोठा भाग स्वच्छताच आहे.

या आठवड्याचा गृहपाठ : तीन बरण्या

वास ओळखायला बिअर लागत नाही. तीन स्वच्छ बरण्या घ्या. प्रत्येकीत १०० ग्रॅम मैदा आणि १०० मिलीलिटर पाणी.

पहिल्या बरणीत ब्रेडचं कोरडं यीस्ट पाव ग्रॅम, म्हणजे अगदी चिमूटभर. ओट्यावर ठेवा.
दुसरीत तेवढंच यीस्ट, पण बरणी फ्रीजमध्ये.
तिसरीत चौपट यीस्ट, म्हणजे एक ग्रॅम. ओट्यावर ठेवा.

झाकण सैल ठेवा, वायू बाहेर जायला हवा. ओट्यावरच्या बरण्या दर तासाला बघा, फ्रीजमधली दुसऱ्या दिवशी. पीठ किती वर आलं ते बरणीवर पेनाने खूण करून लिहा. नाक जवळ नेऊन वास घ्या आणि 'चांगला-वाईट' हे शब्द न वापरता लिहा. फळासारखा? कुठल्या? ताकासारखा? दारूसारखा? घरातल्या दुसऱ्या माणसालाही वास द्या आणि त्याने काय सांगितलं तेही लिहा. नंतर हेच पीठ पावासाठी वापरा, वाया घालवू नका.

पुढच्या आठवड्यात हाच प्रयोग पुन्हा करा. दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी मांडा. जुळले तर शाबास. नाही जुळले तर काय बदललं ते शोधा. हे शोधणं म्हणजेच तुमच्या धंद्याची सुरुवात.

आणि तो तरुण?

परवा पुन्हा फोन आला. चार लाख अजून बँकेतच आहेत. नोकरी चालू आहे. म्हणाला, "सर, सातवी खेप झाली. पहिल्या चार वेळा पाव दगडासारखे आले. पाचव्या वेळी वही बघितली तेव्हा कळलं, रात्रपाळीवरून येऊन करतो तेव्हा पीठ दोन तास जास्त राहतं." मग थोडं थांबून म्हणाला, "फ्रीजमधल्या बरणीला फळासारखा वास येतो हो. बायको म्हणते पेरूचा, मी म्हणतो सफरचंदाचा."

मी म्हटलं, "दोघांचंही लिहून ठेवा."

तुमच्या बरणीला कशाचा वास आला ते व्हिडिओखाली कॉमेंटमध्ये नक्की कळवा. खेपेचा नंबर आणि तापमान लिहायला विसरू नका. पुढच्या भागात बघू : एका पावाची खरी किंमत कशी काढायची, गॅस, वीज आणि आपली मजुरी धरून.

भेटूया. वही जवळ ठेवा.